मोहनांबाळचे दागिने

आपल्या लेकीसुनांच्या दागिन्यांच्या डब्यात गेल्या काही वर्षांत एक नवा कप्पा तयार झालेला आहे. ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, चिंचपेटी आपापल्या जागी आहेतच. पण शेजारी लाल खड्यांचा, जुनाट झाक असलेल्या सोनेरी रंगाचा, मधोमध लक्ष्मी किंवा मोराची जोडी असलेला एक घसघशीत हार असतो, आणि त्याच्या जोडीला घंटेच्या आकाराचे झुबे. याला सगळ्याजणी 'टेंपल ज्वेलरी' म्हणतात. मंडळाच्या दिवाळीला, मुलांच्या लग्नात, कांजीवरमवर तो हमखास निघतो. कुठला म्हणून विचारलं तर बहुतेकदा आधी सिनेमाचं नाव ऐकायला मिळतं आणि मग दुकानाचं.

हे नाव इंग्रजी आहे, म्हणजे अर्थातच नवं आहे. तमिळ बाईला विचाराल तर ती प्रत्येक दागिन्याचं वेगळं नाव सांगेल. गळ्यालगतची ती अड्डिगै, कैऱ्यांच्या आकाराची ती मांगामालै, नाण्यांची ती कासुमालै, दंडावरची वंकी, कमरेचं ओड्डियाणम, कानातली जिमिकी आणि तिचा भार केसांवर तोलून धरणारा साखळीचा माट्टल, नाकातली मूक्कुत्ती. भांगाच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र, मागे अंबाड्यावर राक्कोडी. आपल्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. कासुमालै म्हणजे आपली पुतळ्यांची माळच. वंकी आणि आपली वाकी यांचं नातं पंडितांनी ठरवावं, कानाला तरी त्या बहिणी वाटतात. या कासु नावाच्या नाण्यावरूनच पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांनी पूर्वेकडच्या लहान नाण्यांना 'कॅश' म्हणायला सुरुवात केली.

आज या हारांकडे सोज्वळ, घरंदाज परंपरा म्हणून पाहिलं जातं. ते देवळातून थेट आपल्या डब्यात आले असते तर लिहिण्यासारखं फार काही नव्हतं. पण मधल्या वाटेवर काही बायका उभ्या आहेत, आणि सिनेमातल्या नट्या ही त्या वाटेवरची फक्त शेवटची रांग आहे.

प्रथम देवाकडे जाऊ. कन्याकुमारी जिल्ह्यात नागरकोविलजवळ वडसेरी नावाचं ठिकाण आहे. तिथले कारागीर देवाच्या मूर्तींसाठी दागिने घडवत आले. चांदीचा साचा, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि कोंदणात बसवलेले लाल खडे. या खड्यांना केंपु म्हणतात. केंपु म्हणजे लाल. या कामाला आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. देवाचे दागिने देवाच्याच अंगावर राहायचे. माणसांत त्यांच्यासारखे दागिने घालायचा मान आणि प्रघात होता तो देवापुढे नाचणाऱ्या स्त्रीचा, देवदासीचा. तिचं लग्न देवाशी लागलेलं, म्हणून ती कधी विधवा होत नसे; ती 'नित्यसुमंगली'. तिला शिक्षण होतं, ती मुलगी दत्तक घेऊ शकत असे, आणि तिची मिळकत मुलींकडे जात असे. दागिने ही त्या मिळकतीतली मोठी बाब होती.

या इतिहासात आपण मराठी माणसं नुसते प्रेक्षक नव्हतो. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, आणि ज्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो त्याच्या कार्यक्रमाची आजची मांडणी सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातल्या चौघा भावांनी बसवली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू अशी त्यांची नावं. १८८० साली तंजावरच्या मराठा घराण्यातली लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्याला गेली, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकांचा एक ताफाही गेला. गौराबाई आणि कांतिमती या त्यातल्या दोघी. गुजरातेतल्या दरबारात तंजावरची नर्तकी मराठी राजापुढे नाचते आहे, हे चित्र आज विलक्षण वाटतं. तेव्हा ते नित्याचं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. नाचगाण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. देवदासींची देवाच्या नावाखाली पिळवणूक होते असं म्हणणाऱ्यांत सर्वांत ठाम आवाज होता डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा. त्यांची आई स्वतः देवदासी घराण्यातली होती, तेव्हा त्यांना बाहेरून बोलणाऱ्या म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला बंगळूर नागरत्नम्मांसारख्या देवदासी होत्या. आम्हाला सरसकट वेश्या ठरवू नका, आमची विद्या आणि आमचे हक्क काढून घेऊ नका, असं त्या सरकारला लेखी कळवत होत्या. याच नागरत्नम्मांनी तंजावरजवळ तिरुवैयारूला त्यागराजांच्या पडक्या समाधीवर स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधलं. आज जगभरचे कर्नाटक संगीताचे रसिक तिथं दरवर्षी जमतात. १९४७ साली मद्रासचा देवदासी प्रतिबंधक कायदा झाला. मुली देवाला वाहण्याची चाल थांबली, हे चांगलंच झालं. पण त्या बायकांचं पुढं काय, त्यांनी कुठं नाचायचं आणि काय खायचं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

नाच मात्र थांबला नाही. तो दुसऱ्या घरी राहायला गेला. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या बाई अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत जाहीरपणे नाचल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. वेश त्यांनी नव्यानं बेतला, त्यासाठी एका इटालियन शिवणकाम करणाऱ्या बाईंची मदत घेतली. नृत्यातला शृंगार त्यांनी बराच गाळला, आणि त्यावर बालसरस्वतींसारख्या परंपरेतल्या नर्तकी नाराज होत्या. पण दागिने त्यांनी ठेवले. लाल खड्यांचा तो सगळा साज, सूर्य-चंद्रासकट, मंचावर आला. हा साज देवदासीच्या अंगावरून उतरून सुखवस्तू घरातल्या मुलीच्या अंगावर चढला, तो इथं.

सिनेमात क्रम थोडा उलटा होता. १९३१ साली पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' आला. तो झाला मुंबईत. पुढेही काही वर्षं तमिळ चित्रपटांसाठी मद्रासची मंडळी मुंबई-पुण्या-कोल्हापूरच्या स्टुडिओंत येत. आपल्या 'प्रभात'नंही १९३४ च्या सुमारास 'सीता कल्याणम' हा तमिळ चित्रपट काढला. त्या काळात घरंदाज बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या; आपल्याकडे दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा किती गहजब झाला ते आठवा. त्यामुळे गाता-नाचता येणाऱ्या, चार लोकांत वावरायची सवय असलेल्या जुन्या कलावंत घराण्यांतल्या मुलींनाच कॅमेऱ्यापुढे वाट मिळाली. तंजावरची टी. आर. राजकुमारी अशीच, नामांकित गायिकेची नात. १९४४ चा तिचा 'हरिदास' मद्रासच्या एका थिएटरात तीन दिवाळ्या पाहून उतरला, आणि १९४८ च्या 'चंद्रलेखा'तलं तिचं प्रचंड नगाऱ्यांवरचं नृत्य हिंदी आवृत्तीमुळे उत्तरेतही पोचलं.

पण या घराण्यांतून आलेल्या आणि साऱ्या दक्षिणेच्या पेहरावावर ठसा उमटवणाऱ्या बाई म्हणजे एम. एस. सुब्बुलक्ष्मी. मदुरेच्या वीणावादक षण्मुगवडिवु यांची ही मुलगी. आईचं कुळ देवदासींचं. १९३८ ते १९४७ या काळात त्यांनी मोजून चार तमिळ चित्रपट केले आणि त्यातल्या 'मीरा'ची हिंदी आवृत्ती आली. त्यानंतर पडद्याकडे त्यांनी पाठ फिरवली. मधे १९४० साली त्यांचं टी. सदाशिवम यांच्याशी लग्न झालं होतं, आणि इथून त्यांचं जे रूप घडत गेलं ते आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे: कांजीवरम साडी, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्यांच्या चमक्या, कानात हिऱ्यांच्या कुड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत मोगरा. कांचीपुरमच्या मुथु चेट्टियार या विणकरानं त्यांच्यासाठी विणलेल्या एका निळ्या छटेला तर 'एम.एस. ब्लू' असं नावच पडलं, आणि ते अजून चालतं. साडीच्या दुकानात नुसतं तेवढं म्हटलं की विक्रेता बरोबर गठ्ठा काढतो.

मला या गोष्टीचं नवल वाटतं ते असं. मद्रासच्या सुखवस्तू ब्राह्मण घरातली सून कशी दिसावी याचा नमुना म्हणून दोन पिढ्यांनी ज्या बाईकडे पाहिलं, ती त्या घरात जन्मलेली नव्हती. त्या समाजानं जिच्या आजीला दारात उभं केलं नसतं, तिच्याच साडीचा रंग आणि चमक्यांची ठेवण त्यानं उचलली. सुब्बुलक्ष्मींनी आपल्या जन्माबद्दल जाहीर बोलणं टाळलं, आणि लोकांनीही विचारणं टाळलं. सगळं सभ्यतेनं झालं.

दुसरी वाट पद्मिनीची. ही त्रावणकोरच्या प्रतिष्ठित नायर घराण्यातली. ललिता, पद्मिनी, रागिणी या 'त्रावणकोर सिस्टर्स'पैकी मधली. १९६८ साली ए. पी. नागराजन यांनी तिला आणि शिवाजी गणेशनना घेऊन 'तिल्लाना मोहनांबाळ' काढला. मूळ कादंबरी कोत्तमंगलम सुब्बु यांची, 'आनंद विकटन' साप्ताहिकात क्रमशः आलेली. नादस्वरम वाजवणारा एक मानी कलावंत आणि तिरुवारूरची नर्तकी मोहना यांची ही प्रेमकथा. मोहनेची आई तिला एखाद्या धनिकाच्या पदरी बांधायला टपलेली आहे. मोहना मात्र एकाच पुरुषाची पत्नी होण्याचा हट्ट धरते. म्हणजे कायद्यानं ज्या चालीवर पडदा टाकला तिची गोष्ट वीस वर्षांनी मध्यमवर्गानं कुटुंबासह पाहिली, आणि पाहताना कुणाला संकोच वाटला नाही, कारण मोहना शेवटी बोहल्यावर चढते. पडद्यावर रंगांची उधळण, आणि त्यात पद्मिनीच्या अंगावर तो पुरा साज. भरतनाट्यमची मुलगी कशी दिसते, हे पुढच्या पिढ्यांना शिकवण्यात या एका चित्रपटाचा वाटा फार मोठा आहे.

अमेरिकेतल्या वाचकांना पद्मिनीबद्दल आणखी एक सांगायला हवं. लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या आणि १९७७ साली न्यू जर्सीत त्यांनी नृत्यशाळा काढली. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर शाळांतून इथल्या किती भारतीय मुली शिकल्या याची गणती नाही. त्यांत आपल्याही मुली होत्या. अरंगेत्रम ठरलं की मद्रासच्या मैलापूरमधल्या कपालीश्वर देवळाभोवतीच्या रस्त्यावरून दागिन्यांचा पुरा 'सेट' मागवायचा, हा प्रघात अशा शाळांमुळेच पडला. ज्या मराठी घरांत दक्षिणी दागिना आधी कुणी पाहिला नव्हता, तिथं तो पहिल्यांदा आला तो असा, मुलीच्या नाचाच्या पेटीतून.

वैजयंतीमालाचं नाव इथं न घेऊन कसं चालेल? १९५१ च्या 'बहार'पासून तिनं हिंदी पडद्याला दक्षिणी नृत्याची चटक लावली. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी तिचे पोशाख बेतले ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, अजिंठ्याची चित्रं पाहून. ते दागिने दक्षिणी मुळीच नव्हते. पण दक्षिणेची नर्तकी, अजिंठ्याची चित्रं आणि कोल्हापूरची वेशभूषाकार हा संगम नमूद करून पुढे जातो.

आतापर्यंत सोन्याविषयी बोललो. पण सिनेमा पाहणाऱ्या किती बायकांना सोनं परवडत होतं? साठीच्या दशकात तमिळ पडदा रंगीत होऊ लागला आणि एम. जी. रामचंद्रन यांच्या जोडीला बंगळूरच्या बी. सरोजादेवी झळकू लागल्या. 'एंग वीट्टु पिळ्ळै' १९६५ चा, 'अन्बे वा' १९६६ चा. त्यांच्या साड्या, चोळ्यांच्या बाह्या, केसांची ठेवण आणि कानातली यांची नक्कल गावोगावी होत असे. २०२५ च्या जुलैत त्या गेल्या, तेव्हा वृत्तपत्रांना अभिनयाइतकीच त्यांच्या साड्यांचीही आठवण झाली. गंमत अशी की हाच काळ सुवर्णनियंत्रणाचा. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी केली. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ते 'चौदा कॅरट' अजून आठवत असेल, आणि बेकार झालेले सोनारही. ती मर्यादा १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा कायदा थेट १९९० पर्यंत राहिला.

या परिस्थितीत हौस भागवली ती मुलाम्याच्या दागिन्यांनी. तमिळनाडूत त्याला 'कव्हरिंग' म्हणतात आणि त्यात चिदंबरमचं नाव मोठं. आंध्रात मच्छलीपट्टणजवळचं चिलकलपूडी 'रोल्ड गोल्ड'साठी प्रसिद्ध. आपल्याकडे ज्याला 'एक ग्रॅमचे' म्हणतात, त्या दागिन्यांची ही थोरली भावंडं. नटीच्या कानातला झुबा पाहून तसाच पुढच्या सणाला आपल्या कानात घालायचा, हे तिथल्या शिक्षिकेला, टेलिफोन ऑपरेटरला, गिरणीत जाणाऱ्या बाईला शक्य झालं ते यामुळे. दागिन्यांच्या इतिहासात मुलाम्याला सहसा जागा मिळत नाही. मला मात्र या गोष्टीतली ही सर्वांत लोकशाही पायरी वाटते. देवाच्या दागिन्यातही चांदीवर सोन्याचा वर्खच असतो, हेही विसरून चालणार नाही.

१९८५ साली 'पूवे पूचूडवा' आला. त्यातली आजी पद्मिनी. नातीच्या भूमिकेत नदिया नावाची मुंबईत वाढलेली नवी मुलगी होती. चित्रपट लागला आणि दुकानांत नदिया कानातली, नदिया बांगड्या, नदिया साड्या यांचा पूर आला. यात सोनं नव्हतं, देऊळही नव्हतं. ही शहरी मुलीची रंगीबेरंगी चैन होती. एकाच चित्रपटात आजी आणि नात अशा दोन काळांच्या फॅशन समोरासमोर बसल्या होत्या, आणि त्या वर्षी नातीनं बाजी मारली. नदियाचं १९८८ साली मराठी घरात लग्न झालं आणि पुढे काही काळ ती अमेरिकेत व लंडनला राहिली. म्हणजे ती आपलीच सून. नंतर मुंबईहून आलेल्या खुशबूचं नाव तर इडलीला मिळालं. पण तो विषय फराळाच्या अंकात शोभेल.

आजीच्या दागिन्यांना पुन्हा दिवस आले ते मुख्यतः रेखामुळे, निदान आपल्या मराठी आणि हिंदी मुलखात. पुरस्कार सोहळ्यांना सोनेरी कांजीवरम, अंबाड्याभोवती गजरा आणि भरगच्च दक्षिणी दागिने घालून त्या येऊ लागल्या, तशी कांजीवरमवर असाच साज हवा ही कल्पना उत्तरेत रुळली. रेखांचे वडील जेमिनी गणेशन, आई तेलुगू-तमिळ चित्रपटांतली नटी पुष्पवल्ली. आणि जेमिनी गणेशन यांच्या आत्या कोण? डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. देवदासी प्रथा मोडायला जिनं आयुष्य वेचलं, तिच्याच भाच्याच्या मुलीच्या अंगावरून तो साज उत्तर हिंदुस्थानच्या लग्नसमारंभात शिरला. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर आपण ते ओढूनताणून आणलेलं म्हटलं असतं.

जेमिनी गणेशन यांच्याशी विवाह करून पुढे एकाकी झालेल्या सावित्रीवर २०१८ साली 'महानटी' निघाला. त्यातल्या कपडेपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सावित्रीच्या काळच्या साड्या व झुबे पुन्हा मागणीत आले. केरळातलं २०१७ चं 'जिमिकी कम्मल' हे गाणं तर मल्याळमचा एक शब्द न कळता आपल्या मंडळांतही नाचलं गेलं. त्या शब्दांचा अर्थ कानातले झुबे एवढाच आहे.

मग २०२२ आणि २०२३ साली मणिरत्नम यांच्या 'पोन्नियिन सेल्वन'चे दोन भाग आले. ऐश्वर्या राय आणि त्रिशा यांच्या अंगावरचे दागिने हैदराबादच्या एका जुन्या पेढीनं घडवले होते, आणि त्यांच्या मुलाम्याच्या प्रतिकृती लवकरच सगळीकडे मिळू लागल्या. मूळ कादंबरी कल्कि कृष्णमूर्ती यांची, 'कल्कि' साप्ताहिकात १९५० पासून प्रसिद्ध झालेली. हे साप्ताहिक कल्कि आणि सदाशिवम यांनी १९४१ साली सुरू केलं. त्यासाठी लागणारा पैसा सुब्बुलक्ष्मींनी 'सावित्री' चित्रपटात काम करून मिळवला होता. आज ऐश्वर्याच्या हाराची प्रतिकृती घेणाऱ्या मुलीला हे ठाऊक असण्याचं कारण नाही.

अलीकडे जुन्या देवदासी घराण्यांतून आलेल्या काही नर्तकी जाहीरपणे विचारू लागल्या आहेत की आमच्या आज्यांचा नाच चालतो, दागिने चालतात, मग आमची नावं का चालत नाहीत? त्यांचा सूर कधीकधी कडवट असतो. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देणं मद्रासच्या रसिकांना अजून जड जातं आहे.

पोन्नियिन सेल्वन म्हणजे राजराजा चोळ. त्यानं बांधलेलं बृहदीश्वर मंदिर पाहायला आपण मराठी माणसं तंजावरला गेलो की पहिल्यांदा शोधतो तो सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख. देवळाच्या भिंतींवर त्याहून आठशे वर्षं जुने तमिळ लेखही आहेत. राजानं देवाला दिलेले दागिने त्यांत एकेक करून लिहिलेले आहेत: वजन, मोत्यांची संख्या, खड्यांची संख्या. सोनं ज्या दगडानं तोललं त्याचं नाव आडवल्लान, म्हणजे नृत्यात निपुण असा शिव. त्याच देवळावर दुसरा एक लांबलचक लेख आहे. चोळ मुलखातल्या निरनिराळ्या देवळांतून आणून इथं वसवलेल्या चारशे नर्तकींची ही यादी. प्रत्येकीला राहायला घर आणि वर्षाला शंभर कलम भात. प्रत्येकीचं नाव, गल्ली आणि घराचा क्रमांक कोरलेला आहे. दक्षिणेकडच्या वस्तीतली दक्षिण ओळ, पहिलं घर: नक्कन चेरमंगै.